वहिनीच्या पायाचा फर्मा

मी एक लाकडाचा पाय बोलतोय. उजवा. दचकू नका, मी कुणाच्या अंगाला जोडायचा पाय नाही. बूट तयार करताना कातडं ज्याच्यावर ताणून बसवतात, तो मी. कारखान्यात आम्हाला फर्मा म्हणतात. माझा जोडीदार डावा आहे, पण तो जन्माचा अबोल. तेव्हा दोघांचं मीच सांगतो.

एका चांगल्या वाळलेल्या, टणक ओंडक्यातून थोरल्यानं मला कोरलं. थोरला म्हणजे आमच्या छोट्याशा बूट-कारखान्याचा मालक. त्याला एक भाऊ, म्हणून कामगारांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना थोरला आणि धाकटा असंच म्हणायचे. थोरल्याची बायको सगळ्यांची वहिनी. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट खोली, दोन्ही बाजूंना खिडक्या, मधे मोठं टेबल आणि पुढच्या अंगाला काचेचं दार असलेलं दुकान.

माझा जन्म वहिनीच्या पायामुळे झाला. ती दिवसभर टेबलाशी उभी राहून बुटांना तळ चिकटवायची. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलं होतं आणि बाजारातला कुठलाही बूट तिला चावायचा. "बूटवाल्याची बायको आणि पायात फाटक्या सपाता," असं ती नवऱ्याला ऐकवायची. थोरला बोलणाऱ्यांतला नव्हता. एक दिवस त्यानं तिचा पाय कागदावर ठेवून भोवती रेघ मारली आणि कानस घेऊन बसला.

मी एका बैठकीत झालो नाही. तो बूट करायचा, ती दिवसभर घालायची आणि संध्याकाळी तक्रार सांगायची. करंगळीला लागतंय म्हणाली की माझ्यावर कातड्याचा पातळ तुकडा चिकटायचा. टाच सैल आहे म्हणाली की माझ्या टाचेवर कानस चालायची. कितीतरी महिने हे चाललं. मग एका संध्याकाळी ती काहीच बोलली नाही. थोरल्यानं जरा वाट पाहिली आणि विचारलं, "आज काय झालं?"

"कुठं काय?" ती म्हणाली. "बूट घातलेत हेच विसरले होते मी."

त्या दिवशी माझ्यावरून वार्निशचा हात फिरला.

त्या आकाराचे बूट आधी गल्लीत खपले, मग गावभर. दवाखान्यातल्या नर्सबाई, शाळेतल्या शिक्षिका, भट्टीपाशी उभे राहणारे पाववाले, ज्यांचं सगळं आयुष्य उभ्याउभ्या जातं अशी माणसं यायची. वेगवेगळ्या मापांचे माझे भाऊबंद तयार झाले, पण चेहरामोहरा सगळ्यांचा माझाच. असंच एकदा एक परदेशी बाई लंगडत आत आली. तिचे टाचेचे बूट तिला चावले होते. ती आमचे बूट घालून बाहेर पडली, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली आणि आणखी दोन जोड घेऊन गेली. तिचा तिकडे बुटांचाच व्यापार होता. धाकट्यानं तेव्हा नुकतीच वेबसाइट बनवली होती. तिनं तिचा पत्ता देण्याआधीच त्यानं तिला स्वतःचा दिला.

पुढची वर्षं बरी गेली, हे कबूल करायला हवं. बाईची मागणी वाढत गेली. खोलीला लागून दुसरी खोली घेतली, शेजारपाजारच्या बायका कामाला आल्या. लांबलांबची गिऱ्हाइकं आपल्या पायांचे फोटो धाकट्याच्या मोबाइलवर पाठवायची. वहिनी आणि तिच्या शेजारी काम करणारी मावशी जेवणाच्या सुट्टीत ते फोटो स्थळं बघावीत तसे बघायच्या. "हा बघ, अंगठा केवढा. बायकोला धाकात ठेवणारा दिसतोय." "आणि ही? नखं रंगवलीत, पण टाचा बघ कशा भेगाळल्यात. कष्टाळू आहे बिचारी." बोलता बोलता त्या गावांची नावं वाचायचा प्रयत्न करायच्या आणि हसून सोडून द्यायच्या.

मग बाईची कंपनी एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. बाई तिथेच राहिली, पण तिच्या हातात काही राहिलं नाही. तिच्यावर साहेब, त्याच्यावर साहेब, आणि सगळ्यात वर कुणी होतं की नुसताच संगणक होता, ते धाकट्यालाही सांगता येईना. एक दिवस तिकडून एक तंत्रज्ञ आला. त्यानं मला एका फिरत्या चकतीवर ठेवलं. निळसर उजेडाची पट्टी माझ्या अंगावरून गोलगोल फिरली. थोरला जवळच उभा होता.

"हे कशाला?" त्यानं धाकट्याला विचारलं.

"त्यांच्याकडे नोंद राहावी म्हणून, दादा. बूट बरोबर होतायत की नाही ते त्यांना तिथून तपासता येईल."

थोरल्यानं मान हलवली. तंत्रज्ञानं मला पुसून, नीट परत जागेवर ठेवलं. माझ्यातलं काहीच कमी झालं नव्हतं. एक टवकाही उडाला नव्हता. तरी महिने महिने कानस चालवून जे झालं होतं, ते चहा थंड व्हायच्या आत तारेतून निघून गेलं.

त्यानंतर उलटा लिलाव सुरू झाला. साध्या लिलावात जो जास्त बोलतो त्याला वस्तू मिळते. इथे जो कमी बोलेल त्याला काम. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी धाकटा संगणकासमोर बसायचा. पडद्यावर वेगवेगळ्या देशांतले कारखाने असायचे, पण नाव कुणालाच नाही. प्रत्येकाला एक क्रमांक. एकानं भाव उतरवला की दुसरा त्याच्याखाली जायचा. पहिल्या वेळी सगळे त्याच्या पाठीमागे गोळा झाले होते. मीही होतो, नमुना म्हणून संगणकाशेजारी.

"थांब आता," थोरला म्हणाला.

"आपण थांबलो तर दुसरा दाबेल."

"दाबू दे."

"दादा, एवढ्या बायका कामाला आहेत. त्यांना काय सांगू, दादा म्हणाला दाबू दे?"

त्यानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. शेवटी पडद्यावर हिरवी खूण आली आणि मागे उभ्या असलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. थोरला तेवढ्यात उठून कामाला गेला होता.

भाव खाली गेला की कुठेतरी काहीतरी कमी करावं लागतं. कातडं कमी करता येत नव्हतं, ते तिकडून तपासलं जायचं. मजुरी आधीच तुटपुंजी होती. मग सोल्यूशन बदललं. सोल्यूशन म्हणजे तळ चिकटवायचं ते पातळ चिकट द्रव्य. नव्या डब्यातलं स्वस्त होतं, पटकन वाळायचं आणि पकडही घट्ट धरायचं. डब्यावर कुठलंसं परकं लेबल होतं. झाकण उघडलं की पेट्रोलसारखा वास खोलीभर पसरायचा. खिडक्या उघड्या ठेवल्या तर ओल्या सोल्यूशनवर धूळ बसायची, आणि एका जोडावर धूळ दिसली तरी अख्खी खेप परत यायची भीती. म्हणून खिडक्या लावून घेतल्या. दुपारपर्यंत बायकांचं डोकं जड व्हायचं. "फुकटची नशा," असं म्हणून मावशी हसायची आणि पदर नाकाला लावायची.

आधी वहिनीच्या पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. उभं राहून येत असतील, असं तिला वाटलं. मग मुंग्यांमुळे बूट सोडून तिनं सपाता घातल्या, तर चालताना पायातली सपात मागे राहून जायची आणि ते तिला मागून कुणीतरी सांगायचं. तिकडे मावशीला पोलक्याचं हूक लागेना.

एकदा काम संपवून वहिनी निघाली तेव्हा फरशीवर तांबडे ठिपके उमटत गेले. मावशीनं तिला थांबवलं, खाली बसवलं. वहिनीच्या तळव्यात बुटाची चूक, म्हणजे बारीक खिळा, रुतली होती, पार डोक्यापर्यंत. थोरल्यानं चिमट्यानं ती उपटली. वहिनी त्याच्या हाताकडे नुसती बघत राहिली, जणू पाय दुसऱ्या कुणाचा होता.

"दुखलं नाही?"

"अहो, कळलंच नाही."

त्या पायाचा प्रत्येक खळगा न् उंचवटा माझ्या अंगावर आहे.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, काम काय करता. उत्तर ऐकून ते म्हणाले, सोल्यूशनच्या वाफेनं नसा मरतायत, ताबडतोब ते थांबवा, म्हणजे येतील तेवढ्या भरून येतील. पण वहिनी दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलाशी हजर. थोरला पहिल्यांदाच तिच्यावर आवाज चढवून बोलला.

"मी उठले तर माझ्या जागी कोण बसणार?" तिनं विचारलं. "मावशीची सून? तिला सांगू, ये, माझे पाय गेले, आता तुझे घाल? डबा बदला, मी आजच्या आज उठते."

"या भावात जुना डबा परवडत नाही, वहिनी," धाकटा म्हणाला.

"मग बाईला सांगा. तिच्या पायातही आपलेच बूट होते की."

दर महिन्याला बाई मोबाइलवरून कारखाना बघायची. त्या दिवशी खिडक्या उघडायच्या, सगळ्यांच्या तोंडाला फडकी बांधायची आणि धाकट्यानं मोबाइल हातात धरून खोलीभर फिरायचं, असा रिवाज. या खेपेला वहिनीला खुर्चीवर बसवलं होतं, चालताना दिसू नये म्हणून. नव्या कंपनीनं एक सोय केली होती. समोरचा काही बोलला की यंत्र त्याचा अर्थ दुसऱ्याच्या भाषेत पडद्यावर लिहायचं. मोबाइल वहिनीसमोर आला. बाईनं तिला ओळखलं, हात हलवला.

वहिनी पाठ करून बसल्यासारखी एका दमात म्हणाली, "बाई, मला पायाखाली जमीन लागत नाही."

बाईनं पडद्यावरची अक्षरं वाचली, भुवया आवळल्या, मग समजूत घातल्यासारखं हसून काही बोलली. तिचं बोलणं आमच्या अक्षरांत उमटलं. 'काळजी करू नका. तुम्हाला जमीन नको असेल तर कुणीही देणार नाही.'

मागे उभ्या असलेल्या एकदोघी हसल्या. वहिनी हसली नाही. तिनं धाकट्याकडे पाहिलं. त्याला बाईची भाषा येत होती. दोन वाक्यांचं काम होतं. बाई पुढच्या कारखान्याला फोन लावायच्या घाईत होती. धाकट्यानं ओठ ओले केले, बाईशी काही बोलला आणि फोन बंद झाला.

"काय सांगितलंत?" वहिनीनं विचारलं.

तो मोबाइल खिशात ठेवू लागला.

"काय सांगितलंत तिला?"

"आभार मानले."

वहिनी खुर्चीच्या हाताला धरून उठली. "भावजी," ती म्हणाली, "यंत्राला आपली भाषा येत नाही, मान्य. तुम्हाला तर येते."

पुढच्या लिलावाला धाकटा बसला, पण त्या वेळी त्याच्या मागे कुणी उभं नव्हतं. फक्त थोरला होता, दाराशी. भाव उतरत उतरत त्या जागी आला जिथून पुढे जुनाच काय, नवा डबाही परवडला नसता. धाकट्याचा हात बटणावर होता. मग त्यानं तो उचलून मांडीवर ठेवला. पडद्यावर कुठल्याशा क्रमांकानं आणखी खालचा भाव लावला आणि त्याच्यापुढे हिरवी खूण उमटली.

बाईचा त्यानंतर फोन आला नाही. एक छापील मजकूर आला, आजवरच्या सहकार्याबद्दल. कारखाना बंद झाला तेव्हा यंत्रं विकली गेली, टेबल विकलं, बाकीचे फर्मे भंगारवाल्यानं पोत्यात भरले. आम्हा दोघांना थोरल्यानं पिशवीत घालून घरी आणलं. बायका पांगल्या. मावशीची बोटं वाकडी झाली ती तशीच राहिली. आता तिला सून भरवते आणि मावशी तिच्यावर चिडते, कारण चिडण्याजोगं दुसरं कुणी हाताशी नाही.

थोरला घराच्या पायरीवर बसून जुने बूट दुरुस्त करतो. सोल्यूशनला हात लावत नाही, सगळं सुईदोऱ्यानं. धाकट्याला घरोघर पार्सलं पोचवायचं काम मिळालं. कुठे जायचं ते मोबाइल सांगतो आणि त्याच्या पाठीला खोक्यांची पिशवी असते. वहिनी काठी घेऊन चालते. डाव्या पायाला थोडं थोडं कळायला लागलंय. उजव्याला नाही. गुडघा उंच उचलून ती पाऊल टाकते, आणि तळवा फरशीवर फटकन आपटतो. त्या आवाजावरून घरात कुणालाही कळतं की वहिनी कुठे आहे.

आणि एक दिवस धाकटा दुपारचाच घरी आला. एका घरी बुटांचं पार्सल द्यायला गेला होता. गिऱ्हाइकानं दारातच खोकं उघडलं, बूट पायात घालून पाहिले, माप चुकलंय म्हणून परत नेण्यासाठी त्याच्या हातात दिले.

"आपला फर्मा आहे, वहिनी," तो म्हणाला. "अंगठ्यापाशी तो फुगवटा. करंगळीची ती जागा. हुबेहूब. लांबून आलेत बूट."

वहिनी भाजी निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "वास कसला होता?"

"तोच," तो म्हणाला.

"मग त्यांना कळवा."

"कुणाला?"

"जे चिकटवतायत त्यांना. डबा बदला म्हणावं."

"वहिनी, भाषा वेगळी, देश वेगळा. कोण ऐकणार? आणि आपण सांगितलं तर वाटेल, काम गेलं म्हणून जळतायत."

"वाटू दे," वहिनी म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही बोलला नाहीत. या वेळी मी बोलेन. तुम्ही फक्त फोन लावून द्या."

खोक्यावर त्या कारखान्याचं नाव होतं. त्यावरून धाकट्यानं कुठून कुठून शोधून एक नंबर मिळवला. पहिल्या दिवशी कुणी फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग एकदा उचलला. पडद्यावर एका बाईचा चेहरा आला, वहिनीपेक्षा लहान, कपाळावर घाम, गळ्यात ओढलेलं फडकं. तिच्या मागे टेबल, टेबलापाशी बायका, आणि टेबलावर रांगेनं पिवळ्या प्लास्टिकचे पाय. ते माझेच होते. अंगठ्याचा फुगवटा, करंगळीची जागा, टाचेवरचा कानशीचा उतार, सगळं. माझ्या अंगावर थोरल्याची कानस एकदा घसरली होती, तो ओरखडासुद्धा त्यांनी उतरवला होता.

वहिनीनं कपाटाखालून त्या स्वस्त सोल्यूशनचा रिकामा डबा आणवला होता. तो तिनं मोबाइलसमोर धरला. पलीकडची बाई जरा थबकली. तिनं हात लांबवून टेबलावरचा आपला डबा उचलला आणि दाखवला. तेच परकं लेबल. काही विकायला फोन केलाय असं वाटून ती नको नको अशी मान हलवू लागली.

"थांब, थांब," वहिनी आपल्याच भाषेत म्हणाली. तिनं डब्याकडे बोट केलं, मग आपल्या पायाकडे. धाकट्यानं मोबाइल खाली धरला. वहिनी काठी सोडून चार पावलं चालली. गुडघा वर, तळवा फटकन खाली. गुडघा वर, तळवा फटकन खाली. मग भिंतीला टेकून धापा टाकत तिनं पडद्याकडे पाहिलं.

पलीकडची बाई हसत नव्हती. तिनं एकदा मागे वळून पाहिलं. मग मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवला आणि ती मागे सरकली, म्हणजे ती सगळी दिसावी. तिनं स्कर्ट जरासा वर धरला, आणि ती चालली. तिकडूनही तोच आवाज आला.

धाकट्यानं डोळे मिटले. थोरला पायरीवरून उठून आत आला होता, हातात सुईदोरा तसाच.

ती बाई परत मोबाइलजवळ आली आणि तिनं काहीतरी विचारलं. तिची भाषा आम्हाला येत नव्हती, आणि या वेळी अर्थ लिहून देणारं यंत्रही नव्हतं. पण दोन्ही तळवे वर करून, खांदे उचलून विचारलेला प्रश्न कळायला भाषा लागत नाही. वहिनीनं तोंड उघडलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते तिला खुणांनी सांगायचं होतं, की थांबव, आजच थांबव, थोडं तरी परत येतं. तिनं आपला डावा पाय पुढे केला. तेवढ्यात पलीकडे एका पुरुषाचा आवाज आला. बाईनं झटकन मोबाइल उलटा ठेवला. पडदा काळा झाला, थोडा वेळ खडखड ऐकू आली आणि फोन कटला.

त्यानंतर वहिनी रोज धाकट्याला तो नंबर लावायला लावते. आधी नुसतीच घंटा वाजायची. हल्ली तीही वाजत नाही. ते काम आता आणखी कुठल्या देशात गेलं असेल, असं धाकटा म्हणतो. तरी तो रोज लावतो. मी खिडकीत असतो, थोरला कधीतरी घट्ट बूट सैल करायला मला आत घालतो, एरवी माझं काम संपलंय. माझ्या आकाराची पोरंबाळं कुठल्या कुठल्या टेबलांवर उभी आहेत, ते मला ठाऊक नाही.

म्हणून तुम्हाला सांगितलं. तुमचं जगभर येणंजाणं असेल, फोनवर ओळखीपाळखी असतील. गळ्यात फडकं ओढलेली, स्कर्ट जरासा धरून चालणारी एक बाई कुठल्या बुटांच्या खोलीत दिसली, तर तिला वहिनीचा निरोप द्या. थोडं तरी परत येतं म्हणावं. नाव आम्ही विचारलं नाही, ते तेवढं राहून गेलं.